सात नंबरची कॅसेट

“संवाद, वीसपैकी साडेसहा,” मी म्हणाले आणि तक्त्यात आकडा भरला.

“साडेसहा?” डॉक्टर आरवाडेंनी खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिलं. “अहो बाई, ती सासू त्या सुनेला किती लागेल असं बोलली! माझ्या अंगावर काटा आला.”

“सासू एकच वाक्य तीनदा बोलली. एकाच उत्तराचे तीनदा मार्क देता येत नाहीत. पहिल्या वेळचे दिले.”

“मग वरचा अर्धा कशाचा?”

“शेवटी ती गप्प बसली, त्याचा. नाना, तुमचे किती?”

नाना गुळवणी मान मागे टाकून झोपले होते.

“नाना!”

“अं? बारा,” नाना डोळे न उघडता म्हणाले. सकाळपासून त्यांनी प्रत्येक भागाला बाराच मार्क दिले होते.

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. मे महिन्यातला रविवार होता आणि सांगलीतल्या आमच्या शाळेच्या दृक्‌श्राव्य खोलीत आम्ही तिघं सकाळी आठपासून टीव्हीसमोर बसलो होतो. आमच्या शिक्षण मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून अध्यक्ष बी. टी. मगदूम यांनी मराठी मालिकांसाठी एक पुरस्कार काढला होता. पुरस्कार अख्ख्या मालिकेला नव्हता, एका भागाला होता. “पूर्ण मालिका बघायच्या म्हटल्या तर परीक्षक निवृत्त होतील,” असं त्यांनी सभेत सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. प्रत्येक मालिकेनं आपला सर्वांत चांगला भाग निवडून पाठवायचा. असे नऊ भाग आले होते.

परीक्षक तीन. नाना गुळवणी हे संगीत नाटकातले जुने नट. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत, फक्त तो जागेपणी ऐकायला मिळायचा नाही. डॉक्टर शरयू आरवाडे दातांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात टीव्ही होता आणि तो पेशंटसाठी नव्हता. मालिकेत आणीबाणीचा प्रसंग आला की पेशंटनं जाहिरात लागेपर्यंत आ वासून पडून राहायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि तिसरी मी, हिंगमिरे बाई. दहावीला मराठी शिकवत होते आणि अकरा वर्षं बोर्डाची नियामक होते. इतर परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासून कुणी कुठे हात सैल सोडलाय ते पकडायचं, हे नियामकाचं काम. मुलींनी माझं नाव ‘अर्ध्या बाई’ ठेवलं होतं, कारण मी मार्क अर्ध्या-अर्ध्यानं द्यायचे. मला त्याचा राग नव्हता. निम्मं उत्तर लिहिणाऱ्याला अर्धा द्यायचा नाही तर काय हार घालायचा?

तर या पुरस्काराचे सगळे नियम मी बोर्डाच्या धर्तीवर केले होते. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. तसंच इथे. प्रत्येक भागाचं शीर्षकगीत, मालिकेचं नाव, कलाकारांच्या नावांच्या पाट्या, सगळं कापून टाकायचं आणि कॅसेटवर नुसता आकडा चिकटवायचा. कापाकापीचं काम पोपट खराडे या आमच्या गावच्या व्हिडिओवाल्याला दिलं. तो एरवी लग्नं, वाढदिवस, सत्कार असलं काहीबाही काढायचा. कुठला आकडा कुठल्या मालिकेचा, याची यादी त्यानं लाखेचं सील करून मगदूम सरांकडे दिली होती.

आणि आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते. येत्या बुधवारी मुख्याध्यापकपदाची मुलाखत होती. उमेदवार दोन. एक मी, बावीस वर्षांच्या नोकरीची. दुसरे मगदूम सरांच्या मेव्हण्याचे साडू. मला ती जागा हवी होती. हवी होती म्हणजे अगदी हवी होती, खोटं कशाला बोलू. मुख्याध्यापकांच्या खोलीत खिडकीला कुठला पडदा लावायचा, तेसुद्धा माझं ठरलं होतं.

शनिवारी मगदूम सरांनी मला बोलावून घेतलं.

“बाई, निकाल सर्वस्वी तुमचा. मी ढवळाढवळ करणारा माणूस नाही,” ते म्हणाले. “फक्त कानावर घालतो. ‘हळदीची शपथ’मधली रेवती नाडगौडा आहे ना, ती पुरस्कार घ्यायला स्वतः येईन म्हणाली आहे. म्हणजे, पुरस्कार असेल तर. तिच्या नावावर सभागृह भरतं हो. नाहीतर पन्नास वर्षांच्या कार्यक्रमाला आपण आणि खुर्च्या. बरं, या तुम्ही. बुधवारी भेटूच.”

‘बुधवारी भेटूच’ हे त्यांनी विशेष प्रेमानं म्हटलं.

मी मान हलवून बाहेर आले आणि नाक्यावर थांबून उसाचा रस प्यायले. एकच समाधान होतं. कुठला आकडा ‘हळदीची शपथ’चा, हे मला माहीत नव्हतं. पक्षपात करायचं मनात आणलं असतं तरी जमण्यासारखं नव्हतं.

*

दुपारपर्यंत सहा कॅसेटी झाल्या. दोन नंबरच्या भागात नायिकेला धक्का बसला आणि तो तिला समोरून, डावीकडून आणि उजवीकडून असा तीनदा बसला. तीन नंबरच्या भागात पहिली नऊ मिनिटं आदल्या दिवशीचीच होती. “प्रश्न पुन्हा उतरवून काढल्याचे मार्क नसतात,” असं म्हणून मी नऊ मिनिटं वजा केली. चार नंबरला एक बस कंडक्टर आणि त्याची दहावी नापास झालेली मुलगी होती. तो भाग बरा होता, मी त्याला एकूण शंभरपैकी चौसष्ट दिले. पाच नंबरला एक मेलेला माणूस जिवंत होऊन आला. मी शेऱ्यात ‘खाडाखोड’ असं लिहिलं.

डॉक्टर प्रत्येक भाग सुरू झाला की खुर्चीच्या कडेवर यायच्या. “अय्या, ही तर ती—”

“डॉक्टर, नाव नाही!”

“बरं बाई, नाव नाही. पण ती पुढे विष घालणार आहे, एवढं तरी सांगू का?”

“पुढचं पुढे. आपल्यापुढे एकच भाग आहे.”

मगदूम सर बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते आणि दर अर्ध्या तासानं आत चहा पाठवत होते. दर चहाला मला बुधवार आठवत होता.

जेवण झाल्यावर डॉक्टरांनी सात नंबरची कॅसेट लावली.

पडद्यावर एक म्हातारा आणि एक म्हातारी लाल मखमलीच्या दोन सिंहासनांवर बसली होती. म्हाताऱ्याच्या डोक्याला फेटा, अंगावर शाल, गळ्यात तीन-चार हार. म्हातारी नऊवारी पैठणीत, नाकात ठसठशीत नथ. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळपासून पाहिलेल्या सहा भागांत बायका पैठणी नेसूनच भाजी चिरत होत्या आणि एक सासरे तर सिंहासनावर बसून पेपर वाचत होते.

“अवं, हलू नगा,” म्हातारी म्हणाली. “त्यो क्यामेरावाला म्हनलाय, हलू नगा.”

“आगं, बूट चावतोय.”

“चावू द्या. फोटू झाल्याव काढा.”

“फोटू कवा?”

“बाळू आला की.”

मग दोघं गप्प बसली. कुठूनतरी पंगतीचा आवाज येत होता, कोणीतरी भात, भात असं ओरडत होतं. एक मिनिट झालं. दोन झाली. कॅमेरा हलला नाही, संगीत वाजलं नाही.

“हे ओळखू येत नाही मला,” डॉक्टर पुटपुटल्या.

“फारच छान. निःपक्षपाती बघा,” मी म्हणाले.

“भासनात बाळू काय म्हनला, आयकलंसा?” म्हातारीनं विचारलं.

“आयकलं की. बापाचं बोट धरून चालाय शिकलो म्हनला.”

“तुमी कवा धरलं वो बोट? तुमी कारखान्याव. ह्यो चालाय लागला तवा माज्या भावानं शिकिवलं त्येला.”

“मग उटून सांगायचं न्हाईस?”

“चारशे मानसांत? आनि लोकांनी टाळ्या वाजिवल्या की.”

म्हातारा जरा वेळानं म्हणाला, “मी बी वाजिवल्या.”

माझ्या शेजारी काहीतरी हललं. नाना जागे झाले होते. ताठ बसून, गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे बघत होते.

म्हातारीनं इकडेतिकडे बघितलं, पदराची गाठ सोडली आणि आतून बुंदीचा लाडू काढला. निम्मा मोडून त्याच्या हातावर ठेवला. “खावा. जेवाय कवा मिळंल काय म्हायत.” त्यानं खाल्ला. मग तिनं पदरानं त्याच्या मिशीतले कण पुसले, फोटोत दिसू नयेत म्हणून.

“बाळू दिसतोय का गं तुला?”

“दिसतोय की. मंत्र्याला वाढतोय.”

“वाढू दे. पावना हाय.”

“हां.”

“आनि आपन कोन हाय?”

यावर म्हातारी किती वेळ बोलली नाही, ते मी घड्याळात बघितलं. अठ्ठावीस सेकंद. कुठल्याही मालिकेत एवढ्या वेळात दोन घटस्फोट होतात.

“आपन घरचं,” ती म्हणाली.

आणखी दहा मिनिटं ती दोघं तशीच बसून राहिली. ‘येईल आता’, ‘येईल की’ एवढंच अधूनमधून. शेवटी कुणाचातरी नुसता आवाज आला, “आजी, आजोबा, चला जेवून घ्या. सायेब मंत्र्यांच्या गाडीतनं गेलं सांगलीला.” दोघं उठली. म्हातारा हार काढायला लागला तशी तिनं त्याचा हात धरला.

“काडू नगा इतक्यात. अर्ध्या वाटंतनं माघारी आला तर?”

पडद्यावर रिकामी सिंहासनं राहिली आणि मग मुंग्या आल्या.

नाना रडत होते. अगदी उघड, नाक ओढत.

“चाळीस वर्षं रंगभूमीवर घासली मी,” ते म्हणाले. “दिग्दर्शक ओरडून ओरडून सांगायचे, थांबायला शिक. नाही जमलं. ही बाई कोण आहे हो? कुठून आणली ही?”

“पण भागात काही घडलंच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “खलनायक कुठे आहे?”

“आहे की,” मी म्हणाले. “तो मुलगा. पूर्ण भागात एकदाही आणला नाही त्याला, आणि तरी तो माणूस कसा आहे ते आपल्याला पक्कं कळलं. लेखकाची कमाल आहे ही.”

“तेही खरं. काय मेला मुलगा!”

मी तक्ता पुढे ओढला. संवाद, साडेएकोणीस. अभिनय, साडेएकोणीस. पूर्ण वीस मी आयुष्यात कुणाला दिले नव्हते. एकूण साडेब्याण्णव झाले. नानांनी सगळ्या रकान्यांत वीस लिहिले, वर एकवीस लिहिता येतात का असंही विचारलं. राहिलेले दोन भाग आम्ही बघितले, पण खरं सांगायचं तर नुसते बघितले.

*

पाच वाजता मगदूम सर आत आले. पन्नाशी ओलांडलेला, सफारी घातलेला, सतत घाईत असणारा माणूस. मी निकालाचा कागद पुढे केला.

“पहिला क्रमांक, सात नंबर. एकमतानं.”

त्यांनी लाखेचं सील फोडलं, यादीवरून बोट फिरवलं आणि एकदम उभे राहिले.

“हळदीची शपथ!”

माझा कानांवर विश्वास बसेना. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. प्रामाणिकपणे तपासावं आणि नेमका साहेबांना हवा तोच निकाल लागावा! मला पडदा दिसायला लागला, फिकट निळा, खाली झालर.

“बाई, तुमच्यासारखी माणसं मोठ्या जागेवर पाहिजेत,” मगदूम सर म्हणाले. “बुधवारी बोलूच. बरं, मानपत्रात चार ओळी लागतील. काय आहे हो त्या भागात?”

“म्हातारा-म्हातारी मुलाची वाट बघतात,” नाना म्हणाले. “मुलगा येत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“वा! लिहा, बाई.” सर खोलीत फेऱ्या मारत मजकूर सांगू लागले. “वाट पाहणाऱ्या जन्मदात्यांकडे पाठ फिरवणाऱ्या कृतघ्न मुलाचं विदारक चित्रण... कृतघ्न लिहिलंत? अधोरेखित करा. असली माणसं आहेत हो समाजात. आईबापांच्या जिवावर मोठी होतात आणि मग त्यांना वेळ नसतो. थांबा, मी आधी मुंबईला फोन लावून येतो.”

ते ऑफिसकडे गेले. डॉक्टर इतका वेळ कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या.

“बाई, ही ‘हळदीची शपथ’ नाही.”

“म्हणजे?”

“अहो, त्यात म्हातारं कुणी नाहीच. रेवतीचे सासरे पहिल्याच महिन्यात वारले, सासू हरिद्वारला गेली. आणि रेवती कुठे होती या भागात? मी एकही भाग चुकवलेला नाही. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा नाही. बाकीचे आठ मी ओळखले, हाच एक ओळखेना. तुम्ही नाव घेऊ देईनात, म्हणून गप्प बसले.”

“मग हे कोण?”

“काय माहीत!”

“गप्प बसा दोघी,” नाना खालच्या आवाजात म्हणाले. “निकाल लागला, साहेब खूश आहेत, बुधवारी यांची मुलाखत आहे. कशाला उकरायचं?”

खरं सांगते, मी गप्प बसले. दोन मिनिटं तरी बसले. बोर्डात एकदा एका परीक्षकानं दोन पेपरांची पानं एकमेकांत मिसळली होती आणि ते मी पकडलं म्हणून मला बढती मिळाली होती. आता पकडलं तर बढती जाणार होती. तेवढ्यात मगदूम सर हसत आत आले. “येते म्हणाली!”

“सर,” मी म्हणाले, “उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली आहे.”

त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. “बाई, ती येते म्हणाली हो.”

“तुम्ही एकदा बघा. ही कुणाची कॅसेट आहे ते तरी कळेल.”

“बघायला काय, बघतो. पण बाई, विचार करा. नीट विचार करा.” त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि खुर्चीच्या टोकावर बसले. डॉक्टरांनी कॅसेट मागे नेऊन लावली.

“या खुर्च्या...” सर म्हणाले.

म्हाताऱ्याचा बूट चावला. म्हातारीनं भाषणाचं विचारलं. डॉक्टर आता पुन्हा रंगात आल्या होत्या. “आता बघा हं सर. हा भाषण ठोकून गेलाय, आणि बोट मामानं धरलेलं! काय लोकं असतात!”

मी मगदूम सरांकडे पाहिलं. त्यांचा एक हात तोंडावर होता. त्यांचे कान मोठे, जरा पुढे आलेले. पडद्यावरच्या फेट्याखालून अगदी तसेच दोन कान बाहेर आले होते. मी टेबलाखालून डॉक्टरांच्या पायावर पाय दिला.

“आई गं! बाई, पाय! आणि आता बघा सर, तो लाडू बघा. आईबाप उपाशी आणि हा नालायक मंत्र्याला वाढतोय—”

मी दुसरा पाय दिला. तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग पडद्याकडे, आणि त्यांचं तोंड त्यांच्या पेशंटसारखं उघडं राहिलं.

‘आपन घरचं’ आलं. या वेळी ते अठ्ठावीस सेकंद मला मोजवले नाहीत. ‘अर्ध्या वाटंतनं माघारी आला तर’ आलं, आणि मुंग्या आल्या. टीव्ही बंद करायला कुणी उठलं नाही.

“आप्पांचा बूट मीच आणला होता,” मगदूम सर शेवटी म्हणाले. “मापाचं विचारलं नव्हतं.”

ते उठले आणि निघून गेले. मानपत्राचा कागद टेबलावरच राहिला, ‘कृतघ्न’ माझ्याच अक्षरात, अधोरेखित. नानांनी त्याची चौपदरी घडी केली आणि आपल्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी पोपट खराडे हात जोडत आला. मार्चमध्ये साहेबांच्या गावी त्यांच्या वडिलांचा अमृतमहोत्सव होता. त्याचं चित्रण करताना तो कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून पंगतीला बसला होता. ती फुकट गेलेली कॅसेट त्यानं बाजूला ठेवली आणि सातचा आकडा नेमका तिलाच चिकटवला. खरी सात नंबरची कॅसेट आम्ही बघितली. रेवती नाडगौडाला त्यात हळदीची शपथ चारदा घ्यायला लागली होती. एकूण एकेचाळीस मार्क पडले. पुरस्कार चार नंबरच्या कंडक्टरला गेला, आणि रेवती नाडगौडा येणार नाही असा निरोप मंगळवारी आला.

*

बुधवारी मी मुलाखतीला गेले ती नुसती हजेरी लावायला. जागा गेली हे मी धरून चालले होते. आदल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडूनही घेतलं होतं, कारण मला वाईट वाटलं होतं, खूप वाईट.

समितीत चारजण. उपाध्यक्ष कुलकर्णी वकील, दोन सभासद आणि मधल्या खुर्चीत मगदूम सर. तीन दिवसांत माणूस उतरला होता. सभासदांनी शाळा संहितेबद्दल विचारलं, त्यातली दोन उत्तरं माझी चुकली. सर कागदावर नुसत्या रेघा ओढत होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हिंगमिरे बाई, एक विचारायचं आहे. जो मुलगा परीक्षेला आलाच नाही, त्याला तुम्ही किती मार्क देता?”

बाकीच्या तिघांनी माना वर केल्या. प्रश्न अवघड आहे असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र त्यात काय विचारलंय ते कळलं.

“मार्क देत नाही, सर.”

“म्हणजे शून्य.”

“नाही सर. शून्य पेपर लिहिणाऱ्याला मिळतं. न आलेल्याच्या पुढे आम्ही गैरहजर लिहितो. ते नापासाहून वेगळं असतं. त्याला पुन्हा बसता येतं.”

“किती वेळा?”

“परीक्षा घेणारे आहेत तोवर.”

सरांनी खुर्ची मागे सरकवली. “तुम्ही चालू ठेवा,” ते इतरांना म्हणाले. “मला गावाकडं जायचंय.” आणि सकाळी अकरा वाजता, भर मुलाखतीतून, अध्यक्ष उठून गेले. खालून जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

कुलकर्णी वकिलांनी चष्मा नाकावर नीट बसवला. “बाई, हा ‘परीक्षा घेणारे आहेत तोवर’वाला नियम कुठल्या परिपत्रकातला म्हणालात?”

“पंच्याण्णव सालच्या, सर. क्रमांक बावीस,” मी म्हणाले.

असं परिपत्रक कुठलंच नव्हतं. वकिलांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि माझ्या नावापुढे वीसपैकी वीस लिहिले.